थेंबमामाचं बोट

माझ्या मामाला आमच्या क्लबात सगळे 'थेंब' म्हणतात. तोंडावर 'थेंबसाहेब', पाठ वळली की नुसताच थेंब. हे नाव त्याला कुणी कौतुकाने दिलेलं नाही. त्याने ते कौतुक समजूनच घेतलं, आणि मामाने एखादी गोष्ट कौतुक समजून घेतली की ती परत मागायची कुणाची टाप नाही.

क्लब म्हणजे दहा-बारा संसारी माणसं. रविवारी अकरा वाजता गावाबाहेरच्या बंद वीटभट्टीच्या आवारात जमायचं आणि रिमोटवर चालणाऱ्या हातभर लांबीच्या बग्ग्या मातीत पळवायच्या. खेळणं म्हणालात तर मामा तुमच्याशी बोलणं सोडेल. त्याच्या लेखी ती गाडी आहे, आणि गाडीचा जीव शॉकमध्ये असतो. शॉक म्हणजे बोटाएवढी नळी. आत तेल, तेलात भोकं पाडलेली एक चकती, बाहेरून स्प्रिंग. चाक आदळलं की चकती तेलातून सरकते आणि दणका तिथेच जिरतो. तेल पातळ असलं तर गाडी उडी मारून उतरल्यावर बेडकासारखी नाचत राहते. जाड असलं तर लागोपाठच्या उंचवट्यांवर चाकांना खाली यायला सवडच मिळत नाही, आणि गाडी पाटावर बसवून ओढल्यासारखी थडथडत जाते. एवढंच शास्त्र, बाकी सगळी भांडणं.

बाकीचे लोक शॉकमध्ये तेल ओततात. मामा ड्रॉपरने थेंब मोजतो, ओठ हलवत, आणि मध्ये कुणी बोललं तर सगळं उलटं करून पहिल्यापासून. मग चकतीचा दांडा हळूहळू वर-खाली करून तेलातली हवा काढायची, बुडबुडे बसेपर्यंत नळी उभी ठेवायची, आणि तोवर मामीने पंखासुद्धा लावायचा नाही. पंख्याचा बुडबुड्यांशी काय संबंध, असं मी एकदा विचारलं होतं. मामा म्हणाला, तुमच्या शाळेत विज्ञान शिकवत नव्हते का. शिकवत होते, पण पंख्याचं काही आठवत नाही.

आमची वाटणी सरळ होती. शॉक मामाचे, रिमोट माझा. जिंकलो तर शॉकमुळे, हरलो तर माझ्यामुळे. एरवी मी एका चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर लोकांना 'आता बरं दिसतंय का' विचारायचं. त्यामुळे अपमान गिळायची सवय आहे.

आता त्या बोटाबद्दल सांगायला हवं.

चार वर्षांपूर्वी बेकरीवाल्याने, म्हणजे आमच्या कायमच्या प्रतिस्पर्ध्याने, मामाच्या पेटीत डोकावून तेलाच्या बाटलीवरचा जाडीचा आकडा वाचला आणि पुढच्याच रविवारी आम्हाला हरवलं. मामाने त्याच संध्याकाळी सगळी तेलं खोकल्याच्या औषधाच्या नऊ सारख्या तपकिरी बाटल्यांत ओतली. एकीवरही चिठ्ठी नाही, खूण नाही. मग ओळखायचं कसं? मामा झाकण उघडायचा, एक थेंब अंगठा आणि पहिल्या बोटात घ्यायचा, डोळे मिटून चोळायचा. "तीस," म्हणायचा. "हे पस्तीस. हे उन्हाळ्यातलं चाळीस." मी कितीदा त्याला उलटसुलट बाटल्या देऊन बघितल्या, कधी चुकला नाही. मामी म्हणायची, याला भाजीत मीठ नाही तेवढं कळत नाही, बाकी सगळं कळतं.

मामाची नोकरीसुद्धा याच बोटाची. तो लिफ्टचा मेकॅनिक. कंपनीने दोन इमारती त्याच्या अंगावर टाकलेल्या. एक सहा मजल्यांची, सगळ्या डॉक्टरांचे दवाखाने असलेली. दुसरी आठ मजल्यांची, राहत्या लोकांची. लिफ्ट ज्या लोखंडी दोरांवर लटकते ते दोर म्हणजे शेकडो बारीक तारांचे पीळ. झिजले की एकेक तार तुटून काट्यासारखी बाहेर येते. ते शोधायला कंपनी फडकं देते. दोरावरून फडकं फिरवायचं, तुटकी तार असली की ते अडकतं. मामाला फडक्याची शिसारी. त्याचं म्हणणं, फडकं अडकेपर्यंत उशीर झालेला असतो, बोटाला तार वर यायच्या आधीच कळते. मेन स्विच पाडायचा, यंत्राचं चाक हाताने फिरवून दोर हात-हात पुढे घ्यायचा, आणि त्यावरून बोट फिरवत जायचं. कंपनीच्या नियमाने महिन्यातून एकदा, मामाच्या नियमाने आठवड्यातून. राहत्या इमारतीत गुरुवारी, डॉक्टरांच्या इमारतीत रविवारी, दवाखाने बंद असतात तेव्हा. आठव्या मजल्यावरच्या माणसाला वाटतं आपण लिफ्टने वर-खाली करतो. तो खरं तर मामाच्या बोटावरून वर-खाली करत असतो.

सात आठवड्यांपूर्वीच्या रविवारी आमची बग्गी पहिल्यांदा वाकडी उतरली.

ट्रॅकवर एक मोठा उंचवटा आहे. गाडी तिथून हवेत जाते आणि पलीकडे चारही चाकांवर उतरायला हवी. आमची उतरली ती डावा खांदा पाडून, आणि नाक सरळ डावीकडच्या टायरांत. दुसऱ्या फेरीलाही तेच. तिसऱ्या फेरीला गाडीचा पुढचा हात, म्हणजे चाक धरणारी दांडी, मोडला. मामाने निदान लगेच केलं: मी हवेत ब्रेक दाबतो. मी म्हटलं नाही दाबत. तो म्हणाला, तुला कळत नसेल, पण दाबतोस.

घरी आल्यावर त्याने गाडी टेबलावर पाडून बघितली. ही त्याची जुनी परीक्षा. कोपराच्या उंचीवरून गाडी सपाट सोडायची. शॉक जुळलेले असले तर एकच आवाज येतो, दबका, ओली चादर टाकल्यासारखा, आणि गाडी जागच्या जागी बसते. त्या दिवशी दोन आवाज आले. डावी बाजू आधी बसली, उजवी सावकाश मागून. मामा म्हणाला, टेबल वाकडं आहे. त्याने पायाखाली वर्तमानपत्राची घडी सरकवली. मामी ताटं उचलून उभीच होती. म्हणाली, बावीस वर्षं यावर जेवतोस तेव्हा वाकडं नव्हतं.

मग त्याने चारही शॉक उघडले, तेल बदललं, थेंब मोजले. बाटल्या बोटाने चोळून निवडल्या. एकेका बाटलीला नेहमीपेक्षा वेळ लागत होता. एक बाटली त्याने तीनदा चोळली, मग अंगठा पँटला पुसून पुन्हा. मी बघत होतो, आणि मनात म्हणत होतो, म्हातारा रुसलाय.

पुढच्या रविवारी गाडी पुन्हा डावीकडे.

आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, मामाच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. बिचारे चांगुलपणाने सांगायला गेले. म्हणाले, "थेंबसाहेब, दोन शॉक टोकाला टोक लावून समोरासमोर दाबा. दोन्ही सारखे आत गेले तर जोडी जमली. एकच आत गेला तर पत्रिका जुळत नाही."

मामाने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांनी त्याला चष्मा लावायला सांगितलंय. "डॉक्टर, तुम्ही दात हलतो का ते बोटाने बघता, की दोन दात एकमेकांवर आपटून?"

सगळे हसले. डॉक्टरही हसले. हसता हसता त्यांनी मामाच्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, साखर कधी तपासली होती. मामा म्हणाला, चहात दोन चमचे असते, रोज तपासतो.

शनिवारी संध्याकाळी बग्गी माझ्या खोलीवर असते, कारण बॅटऱ्या चार्ज करायचं काम माझं. त्या शनिवारी मी दार लावलं, मागचे दोन शॉक काढले आणि डॉक्टरांनी सांगितलं तसे टोकाला टोक लावून दाबले. डावा मुकाट आत गेला. उजवा हललाही नाही. मी पुन्हा दाबले, हात बदलून दाबले. तेच. एकात पाणी आणि दुसऱ्यात मध भरल्यासारखं. मामाच्या हातून हे होणं म्हणजे मामीने मला ओळखू नये, इतकं अशक्य.

इथे मी जे केलं ते मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. मी चिठ्ठीवाली नवी बाटली विकत आणली, चारही शॉक रिकामे केले, एकाच तेलाने भरले, टोकाला टोक लावून जुळवले, स्प्रिंगांची कडी मामाच्याच पेन्सिलच्या खुणांवर परत आणली, आणि काही झालंच नाही असं झोपलो. कशाला म्हाताऱ्याचं मन मोडायचं? दोन-चार आठवडे जातील, तो आपोआप ताळ्यावर येईल.

रविवारी गाडी सरळ उतरली. एकच दबका आवाज. आम्ही तिसरे आलो.

मामाने बोट वर केलं. नुसतं वर केलं आणि डॉक्टरांना दाखवलं. बेकरीवाल्यालाही दाखवलं. परतीच्या वाटेवर मला म्हणाला, मधे जरा माझंच मन थाऱ्यावर नव्हतं रे, मला उगीच वाटायला लागलं होतं. काय वाटायला लागलं होतं ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मग तो शिरस्ताच पडला. शुक्रवारी मामा तेल भरायचा, शनिवारी मी ते ओतून टाकून पुन्हा भरायचो. रिकामं करताना दर वेळी आत काय निघेल याची मला धाकधूक असायची, आणि दर वेळी ते आधीपेक्षा वाईट असायचं. एकदा पुढच्या एका शॉकमध्ये अर्धंच तेल होतं. एकदा चकती उलटी. मी सगळं नीट करायचो. आम्ही दुसरे आलो, पुन्हा दुसरे आलो. मामाचा भाव वाढला. क्लबातले दोघे आपले शॉक घेऊन त्याच्या घरी आले, त्याने त्यांचेही भरून दिले. त्यांच्या गाड्या त्या रविवारी कुठे कुठे गेल्या ते मी सांगत नाही. मामाने त्यांना सांगितलं, तुम्ही हवेत ब्रेक दाबता.

एका संध्याकाळी मामीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. हळू आवाजात विचारलं, याच्या हाताला काही झालंय का रे. म्हणाली, परवा गॅसवरचं भांडं याने फडक्याशिवाय उचललं, सावकाश ओट्यावर ठेवलं, आणि निवांत चहा गाळला. मी किंचाळले तेव्हा याने हात बघितला. बोटांवर फोड आले होते. म्हणतो कसा, तुझं भांडं तापतच नाही हल्ली. आणि सकाळी शर्टाची बटणं मला लावायला सांगतो, लाडात आल्याचं सोंग करून. या वयात.

मी म्हटलं, वय झालं की व्हायचंच. मामीने मान डोलावली, पण तिचं समाधान झालं नाही. ती मामाच्या पाठीकडे बघत राहिली. तो बाहेर बसून बाटल्या चोळत होता, एकेक उजेडाकडे धरत होता. बोटाने ओळखणारा माणूस बाटली उजेडाकडे कशाला धरेल, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. माझ्या डोक्यात तेव्हाही फक्त बग्गी होती. दोरांचा विचार मला शिवला नाही, हे मी आज कुणालाही सांगितलं तर खरं वाटणार नाही. मलाही वाटत नाही.

गेल्याच्या गेल्या रविवारी आम्ही पहिले आलो. बेकरीवाल्याने हात मिळवला. मामाने तो मिळवताना जरा जास्तच दाबला असावा, कारण बेकरीवाला आपला हात झटकत मागे फिरला.

आणि मग हा परवाचा रविवार.

मामाला भट्टीवर न्यायला मी सकाळी साडेआठला डॉक्टरांच्या इमारतीत गेलो. दवाखाने बंद, जिन्यात फिनेलचा वास, आणि लिफ्टच्या दारावर पाटी: 'काम चालू'. सहा मजले चढून गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत पोचलो. खोली लहान, एकच खिडकी, मधोमध यंत्र आणि त्याच्या चाकावरून खाली खड्ड्यात उतरणारे चार काळे दोर. मामा गुडघ्यावर बसून दोरावरून बोट फिरवत होता. डोळे मिटलेले, तेल ओळखताना असतात तसेच. ओठ हलत होते. एका दोरावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मी दारातच थांबलो, कारण मध्ये बोललं तर सगळं पहिल्यापासून.

झाल्यावर तो उठला, फळीवरची वही घेतली. ही त्याची दोन्ही इमारतींची एकच वही, तारीखवार. त्याने तारीख घातली आणि पुढे लिहिलं, 'चारही दोर ठीक'. वही मिटायला अंगठा आणि बोट पानावर टेकवलं, उचललं. पानावर लाल ठसा उमटला होता.

मामाला तो दिसला नाही. तो पेनाचं टोपण शोधत होता.

"मामा, बोट बघ."

त्याने बघितलं. "ग्रीस आहे."

"ग्रीस काळं असतं."

तो खिडकीपाशी गेला. पहिल्या बोटाच्या पेरावर तीन-चार ठिकाणी चिरलं होतं, आणि एका जागी केसाएवढी तार आत रुतून मोडली होती, टोक बाहेर. त्याने ती डाव्या हाताने उपटली. त्याच्या तोंडावर काही हललं नाही. दुसऱ्या कुणाच्या बोटातला काटा काढावा तशी त्याने ती काढली आणि उजेडाकडे धरली.

"कुठेतरी लागलं असेल," तो म्हणाला.

"कुठे लागलं, मामा?"

मी दोरांकडे बघितलं. काळ्या ग्रीसवर रक्त दिसत नाही. इतका वेळ तो ते बोट त्यांच्यावरून फिरवत होता.

मग त्याला राग आला, आणि मला बरं वाटलं, कारण रागावलेला मामा मला ओळखीचा आहे. म्हणाला, एवढ्या तेवढ्यावरून घाबरवू नकोस. हे बोट बिघडलं असतं तर गेल्या रविवारी गाडी सरळ गेली असती का? पहिले आलो ते कशावर? तूच चालवत होतास ना? त्याने ते रक्ताळलेलं बोट माझ्यासमोर धरलं, डॉक्टरांसमोर धरलं होतं तसंच.

गप्प बसायची ती शेवटची संधी होती. ती सोडायला मला फार वेळ लागला असं मला वाटतं, पण मामा नंतर म्हणाला की मी लगेच बोललो.

"ते तेल मी भरलं होतं, मामा."

"कुठलं तेल?"

"सगळं. सहा शनिवार. तू भरतोस ते मी ओतून टाकतो आणि पुन्हा भरतो."

त्याचा हात खाली आला. मला वाटलं आता तो ओरडेल, निदान एक ठेवून देईल. त्याने विचारलं ते असं: "डाव्या-उजव्यात फरक किती होता?"

"खूप. एका बाजूला पंचवीसचं असेल, दुसरीकडे चाळीसच्या वर."

"पहिल्या शनिवारीच?"

"हो."

"आणि बोलला नाहीस."

"तू ऐकलं नसतंस."

"नसतं ऐकलं," तो म्हणाला, आणि यंत्राच्या चौथऱ्यावर बसला.

थोड्या वेळाने त्याने पेटीतून कंपनीचं फडकं काढलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ते माझ्या हातात दिलं आणि तो चाक फिरवायला उभा राहिला. स्विच पडलेलाच होता. त्याने दोर हातभर पुढे घेतला की मी फडकं फिरवायचं, असं ठरलं. पहिल्या दोरावर फडकं दुसऱ्याच हाताला अडकलं. मी ओढलं, ते चर्रकन फाटलं. मामाने मान वर केली नाही. पुढच्या हाताला पुन्हा. दुसऱ्या दोरावर तीन जागी. तिसऱ्यावर मी मोजायचं सोडलं. चौथ्यावर पोचेपर्यंत माझ्या हातात चिंध्या राहिल्या होत्या. दर चर्र आवाजाला मामा डोळे मिटत होता.

मी म्हटलं, चार दोर असतात ना, एक गेला तरी तिघांवर लिफ्ट पेलते, तूच सांगतोस सगळ्यांना.

"सांगतो," मामा म्हणाला. "पण चारही एकाच दिवशी चढवलेत. म्हातारेही बरोबरच होतात."

त्याने 'काम चालू'ची पाटी काढून 'लिफ्ट बंद' लावायला मला खाली पाठवलं. मी परत वर आलो तेव्हा तो फोन हातात धरून बसला होता आणि त्याच्या बोटाने फोनचा पडदा चालत नव्हता. मला फोन देत म्हणाला, त्या राहत्या इमारतीच्या वॉचमनला लाव. तिथले दोर याच्याहून दोन वर्षं जुने आहेत. गुरुवारीच ठीक म्हणून आलोय.

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. वॉचमन मजेत होता. मामाने सांगितलं, लिफ्ट बंद करायची आहे, आत्ता. वॉचमन म्हणाला, साहेब, आत्ता कशी करू, सातव्यावर नवं बिऱ्हाड येतंय, कपाट चढवतायत. चार माणसं आणि कपाट आत आहे, आत्ताच निघाली लिफ्ट. हा बघा, मेन स्विचपाशीच उभा आहे, पाडू का?

"नको," मामा म्हणाला. त्याचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. "पाडू नको. मध्येच थांबली तर दोराला झटका बसेल. जाऊ दे वर. माणसं उतरू देत, कपाट उतरू दे. मग पाड. दारावरचा आकडा मला सांगत राहा."

"दोन," वॉचमन म्हणाला. मग, "तीन."

यंत्राच्या खोलीत आमच्यासमोर चार दोर स्तब्ध लोंबत होते. मामा त्यांच्याकडे बघत होता. त्याचं बोट अजून गळत होतं, पँटवर डाग पडत होता, आणि ते त्याला सांगावं असं मला वाटेना.

"चार. कपाट जड आहे साहेब, सावकाश चाललीय."

पाचानंतर बराच वेळ काही आलं नाही. मामाने फोनकडे मान वळवली. मग वॉचमनने कुणाला तरी हाक मारली, गाडी फाटकातून काढायला सांगितली, आणि परत येऊन म्हणाला, "सहा. सहा झाला मघाशीच. आता सात आहे."

"दार उघडलं का?"

"ते मला खालून कसं दिसणार?"

"जिन्यातून ओरडून विचार."

त्याने विचारलं. वरून कुणीतरी काही ओरडलं, ते आम्हाला कळलं नाही. वॉचमनने सांगितलं, दार उघडलंय, पण कपाट तिरकं अडकलंय, अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि ते चौघे त्यावरून भांडतायत. दोघे अजून आतच आहेत, आतून ढकलायला. मामाने सांगितलं, त्यांना म्हण भांडू नका, आत उड्या मारू नका, कपाट उभं करून आधी वरची बाजू काढा. वॉचमनने ते सगळं सात मजले ओरडून सांगितलं. वरून उत्तर आलं, ते मात्र आम्हाला नीट कळलं. लिहिण्यासारखं नव्हतं.

पावणेदहा वाजता कपाट निघालं. दोघे आतून बाहेर आले. "पाडला," वॉचमन म्हणाला, आणि खटका पडल्याचा आवाज आम्हीही ऐकला. मग त्याने विचारलं, झालंय काय साहेब, गुरुवारी तर तुम्ही बघून गेलात. मामा म्हणाला, मी येतो अर्ध्या तासात, कुणालाही चालू करू देऊ नकोस, आणि फोन ठेवायची खूण मला केली.

मला वाटलं संपलं. मी म्हटलं, चल, आधी बोटाला पट्टी बांधू, मग जाऊ. वाटेत भट्टीवर निरोप देऊ की आज येत नाही. मामाने पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, आता साहेबांना लाव.

साहेब म्हणजे कंपनीचे मालक. रविवारी सकाळी त्यांना फोन करणं हाच गुन्हा. त्यांनी उचलला तो त्याच आवाजात. मामाने सांगितलं, दोन्ही लिफ्टा बंद केल्यात. साहेब म्हणाले, का. मामा क्षणभर थांबला. मला कळलं की आता तो म्हणेल दोर जुने झालेत, आणि ते खरंच होतं, आणि तेवढ्यावर भागलंही असतं. दोर बदलले असते, मामाची नोकरी राहिली असती, आणि हे बोट आम्हा दोघांत राहिलं असतं. मी त्याच्याकडे बघून मान हलवली, तेवढंच सांग म्हणून.

"दोर खराब आहेतच," मामा म्हणाला. "पण ते मला कळले नाहीत. माझ्या बोटांना लागत नाही काही. मी ठीक लिहीत राहिलो."

मग साहेबांनी हळू विचारलं, "कधीपासून?"

मामाने वही माझ्याकडे सरकवली आणि तारखा वाचून दाखवायला सांगितलं. मी आजचं पान उघडलं, तो लाल ठसा अजून ओला होता, समोरच्या पानालाही लागला होता. मी मागे मागे जात वाचायला लागलो. रविवार, डॉक्टरांची इमारत, चारही ठीक. गुरुवार, राहती इमारत, चारही ठीक. रविवार. गुरुवार. रविवार. बग्गी पहिल्यांदा वाकडी उतरली त्या रविवारपर्यंत आलो, आणि थांबलो.

मामा खिडकीतून बाहेर बघत होता.

"अजून मागे जा," तो म्हणाला.